रेणेचा गाळ आणि कोरिंगाची जमीन

२००६ साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ हे खोदकाम करणारे जहाज बंगालच्या उपसागरात, कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांसमोर नांगरून उभे होते. समुद्रतळाखाली गोठून राहिलेल्या मिथेन वायूचे साठे शोधणे हे भारत सरकारने त्याला दिलेले काम. बाराशे मीटरहून खोल पाण्याखालून जहाजाने चिखलाचे लांबच लांब गाभे वर काढले. त्यांतल्या एका गाभ्याचा वरचा भाग पुढे अमेरिकेतल्या वूड्स होल या सागरविज्ञान संस्थेच्या लिव्हियू गिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थराथराने तपासला. गोदावरीने गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत समुद्राला काय काय दिले, याची ती वहीच होती.

गोदावरीच्या खोऱ्यात दोन जातीचे खडक आहेत. पूर्वेकडचे खडक अतिप्राचीन. पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे, तुलनेने तरुण असा बसाल्टचा काळा कातळ. दोन्हींच्या मातीत निओडिमियम या मूलद्रव्याची खूण वेगळी असते, त्यामुळे समुद्रतळाच्या चिखलातसुद्धा कुठली माती कुठून आली हे ओळखता येते. गिओसान यांच्या गटाला दिसले ते असे : पाऊसमान उतरत गेलेल्या गेल्या तीन-चार हजार वर्षांत समुद्रात येणारा गाळ घटला नाही, उलट वाढत गेला, आणि वाढला तो दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा. २०१७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातला निष्कर्ष मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही आतून पटेल असा आहे. पाऊस कमी झाला की धूप कमी होत नाही, वाढते. गवत आणि झुडपे विरळ होतात, माती उघडी पडते, आणि मग दोन महिन्यांचा पाऊस दोन दिवसांत कोसळला की बांध फोडून शिवारच ओढ्याला लागते.

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरला समुद्राची गोष्ट सांगणे वरवर पाहता विचित्र वाटेल. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आत आहे, पण इथले पाणी तिकडे पाठ करून वाहते. गावाला आणि तालुक्याला ओळख देणारी रेणा मांजरेला मिळते. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगवलेली मांजरा सव्वासातशे किलोमीटरचा वळसा घेऊन, कर्नाटक आणि तेलंगणातून फिरून, कंदकुर्ती इथे गोदावरीच्या पदरात पडते. तिथून पुढे समुद्र सातशे किलोमीटरहून दूर. रेणापूरच्या शिवारातून सुटलेला मातीचा कण समुद्राला पोहोचायचा तर त्याला हजार किलोमीटरहून जास्त चालावे लागते. हजारो वर्षे तो चालत होता. तो मध्येच कसा थांबला, आणि थांबल्यावर पलीकडच्या टोकाला काय झाले, त्याचा हा इतिहास आहे.

शेती आणि धूप यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. प्रवरेकाठचे जोर्वे आणि दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगातली गावे गोदावरीच्याच खोऱ्यातली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथे माणसे धान्य पिकवत होती. पुढे लोखंड आले, जंगल तोडणे सोपे झाले, नांगर कठीण रेगडीत उतरला. समुद्रतळाच्या चिखलात काळ्या मातीचा वाटा वाढतो तो याच काळात. निसर्गाने सुरू केलेली धूप माणसाने वाढवली, असे गिओसान म्हणतात, आणि या दोन्हींमुळे किनाऱ्यापुढची जमीन झपाट्याने समुद्रात सरकत गेली. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश, म्हणजे राजमहेंद्रीच्या खाली पंख्यासारखा उघडलेला सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचा हिरवागार मुलूख, समुद्राची पातळी स्थिर झाल्यावर गेल्या सहा-सात हजार वर्षांत घडला. आजची भातशेती, नारळाच्या बागा आणि कोळीवाडे ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्यात आपल्या पूर्वजांच्या नांगराखालून निसटलेली माती आहे. मला हे फार मोलाचे वाटते. त्या किनाऱ्याला आपण परके नाही.

त्या काळच्या माणसांनाही हे नाते ठाऊक असावे, निदान व्यापाराच्या वाटेने. तेर, म्हणजे जुने तगर, रेणापूरहून फार लांब नाही. तेरणेच्या काठी आहे आणि तेरणा मांजरेलाच मिळते. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर इथून माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याची नोंद आहे. तगराहून जाडेभरडे कापड आणि मलमल निघे. त्याच नोंदीत असेही आहे की समुद्रकाठच्या मुलखातला मालही तगरात येऊन पुढे जाई, आणि तो समुद्रकाठ पूर्वेचा होता असे बरेच अभ्यासक मानतात. सातवाहनांनी शिडाच्या जहाजाचे चित्र असलेली नाणी पाडली, ती आंध्रच्या किनाऱ्याला सापडतात. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या बाजारातल्या माणसाला पूर्व समुद्र हा आपल्या जगाचा भाग वाटत होता. आज लातूरच्या मोंढ्यात उभे राहून तसे कुणाला वाटेल का, याची मला शंका आहे.

गाळ देतो तसा हिरावूनही घेतो. गोदावरीच्या गौतमी शाखेजवळचे कोरिंगा हे अठराव्या शतकात नावाजलेले बंदर होते. तिथे जहाजे बांधली जात, दुरुस्त होत. हा मुलूख तेव्हाच्या ‘उत्तर सरकार’ प्रांतातला. १७६६ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या कंपनीला दिला. तोपर्यंत, निदान कागदोपत्री, गोदावरीचा मराठवाड्यातला काठ आणि तिचे मुख एकाच निजामाच्या हुकमतीत होते. १७८९ च्या डिसेंबरात कोरिंग्यावर चक्रीवादळ आले आणि समुद्र एकापाठोपाठ एक अशा तीन लाटांनी गावावर चढला. पन्नास वर्षांनी, २५ नोव्हेंबर १८३९ रोजी, पुन्हा तसेच वादळ आले आणि बंदर पुरते उद्ध्वस्त झाले. पण कोरिंगा परत उभे राहिले नाही याचे कारण फक्त वादळ नव्हते. दर पावसाळ्यात नदी गाळ आणून टाकत होती, खाडी उथळ होत चालली होती आणि मोठी जहाजे आत शिरेनाशी झाली होती. व्यापार उत्तरेला काकिनाड्याकडे सरकला. तिथे नदीच्याच वाळूने एक लांब पट्टा समुद्रात पुढे काढून दिला होता. होप आयलंड म्हणून ओळखला जाणारा हा वाळूचा बांध गेल्या दोनशे वर्षांत वाढत गेला आणि त्याच्या आडोशाला काकिनाड्याचा उपसागर शांत राहिला. एका बंदराला बुजवणाऱ्या नदीने दुसऱ्याला आडोसा दिला.

या बुजलेल्या, चिखलाच्या, अर्ध्या खाऱ्या आणि अर्ध्या गोड्या पाण्याच्या मुलखात कांदळवन वाढले. कोकणात आपण ज्यांना तिवर, कांदळ म्हणतो त्याच कुळातली झाडे इथे आहेत. त्यांतही तिवराच्या जाती भरपूर. या वनाला दोन गोष्टी हव्या असतात : भरती-ओहोटीचे येणे-जाणे आणि नदीचे गोडे, गढूळ पाणी. भरती-ओहोटी बी पसरवते आणि मुळांना श्वास देते. नदीचे पाणी खारटपणा आवाक्यात ठेवते आणि गाळाचा नवा थर घालते. समुद्र जितकी जमीन खातो तितकी नदी भरून काढते, आणि हा हिशेब जमेत राहिला की वन वादळातून उठते, मोडलेल्या फांद्यांना पालवी फुटते, नव्या चिखलावर नवी रोपे उभी राहतात. १७८९ आणि १८३९ च्या वादळांनी माणसांचे बंदर संपवले. वन मात्र पुन्हा उभे राहिले, कारण नदी येत होती.

नदीला पहिला अडसर घातला तो आर्थर कॉटन यांनी. १८३० च्या दशकातल्या दुष्काळाने गोदावरीचा हा सुपीक प्रदेश उपासमारीत लोटला होता. नदी तुडुंब वाहत समुद्राला मिळते आणि काठावर माणसे अन्नाविना मरतात, हे कॉटन यांना सहन होत नव्हते. त्यांच्या आराखड्यावरून धवळेश्वरम इथे १८४७ मध्ये बंधाऱ्याचे काम सुरू झाले आणि १८५२ मध्ये पुरे झाले. नदीच्या चार फाट्यांवर मिळून चारेक किलोमीटर लांबीची, सुमारे दोन पुरुष उंचीची ही दगडी भिंत होती. पूर्व आणि पश्चिम गोदावरी जिल्ह्यांत आजही गावोगाव कॉटन यांचे पुतळे आहेत आणि लोक त्यांना हार घालतात. ते योग्यच आहे. त्या बंधाऱ्याने लाखो माणसांना भात दिला.

त्याची किंमत एका माशाने मोजली. हिल्सा हा समुद्रातला मासा पावसाळ्यात, गोदावरीला तांबडा पूर आला की, अंडी घालायला नदीत चढतो. नदीत चढल्यावर त्याची चव बदलते आणि तेलुगू लोक त्याला पुलसा म्हणतात. मंगळसूत्र विकावे पण पुलसा खावा, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. या माशाची वर जाणारी वाट धवळेश्वरमला अडली. तरी हा बंधारा बुटका होता. पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून गाळ घेऊन सरळ पुढे जाई, त्यामुळे किनारा वाढतच राहिला. जमिनीचा हिशेब बिघडला तो पुढच्या शतकात, आणि तो बिघडण्याची सुरुवात मांजरेवर झाली.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या काळात, १९२३ ते १९३१ दरम्यान, मांजरेवर निजामसागर धरण बांधले गेले. अली नवाज जंग हे त्याचे अभियंते. हैदराबाद संस्थानातले ते सर्वांत मोठे सिंचनाचे काम होते आणि त्याने निजामाबादच्या बाजूला ऊस व भात दिला. बांधले तेव्हा त्यात २९.७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावत होते. १९७० च्या दशकात मोजले तेव्हा ते १२ टीएमसीच्या आत आले होते. चाळीस वर्षांत निम्म्याहून जास्त तलाव मातीने भरला. ही माती कुठली? बीड, लातूर, धाराशिव, बिदर इथली. बालाघाटाच्या उतारावरून, ओढ्या-वगळींतून, रेणेतून, तेरणेतून, मन्याडच्या अलीकडच्या साऱ्या शिवारांतून आलेली. सरकारी कागदावर त्याची नोंद साठवणक्षमतेतली घट अशी झाली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते हजारो एकरांवरचे वरचे वीतभर कसदार अंग होते, आणि समुद्राच्या बाजूने पाहिले तर ती न पोहोचलेली जमीन होती.

स्वातंत्र्यानंतर धरणांचा वेग वाढला. गोदावरीवर पोचमपाड, म्हणजे आजचे श्रीरामसागर, याची पायाभरणी जवाहरलाल नेहरूंनी १९६३ मध्ये केली. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. मराठवाड्याला पाणी मिळावे म्हणून शंकरराव चव्हाण यांनी घेतलेला ध्यास या भागातली माणसे विसरणार नाहीत. नांदेडच्या विष्णुपुरीच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. मांजरेवर धनेगावला १९८० च्या सुमारास धरण झाले, पुढे तेलंगणात सिंगूर झाले. रेणेवर मध्यम प्रकल्प झाला, नंतर रेणा आणि मांजरा दोन्ही नद्यांवर बॅरेजची माळ लागली.

मध्ये १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. सुकडी खाऊन, खडी फोडून, पाझर तलावांचे आणि नाला बंडिंगचे काम करून इथल्या माणसांनी ती वर्षे काढली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली. जे हात उपाशी होते त्यांनी ओढ्या-ओढ्यावर बांध घातले. त्या पिढीतल्या कुणाला, तुम्ही अडवलेला गाळ हजार किलोमीटरवरच्या किनाऱ्याला हवा होता, असे सांगायला जाणे क्रूरपणा ठरेल. माती शेतात थांबावी, पाणी जमिनीत मुरावे, हे त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. मी आजही त्या बांधांच्या बाजूने आहे.

पण याच काळात एक विचार आपल्या बोलण्यात इतका पक्का बसला की त्याची कुणी तपासणी केली नाही. समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, असे पुढाऱ्यांनी सभेत सांगितले, अभियंत्यांनी अहवालात लिहिले, शाळेच्या पुस्तकांतून मुलांनी वाचले. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९८० मध्ये गोदावरीच्या पाण्याचा निवाडा दिला. पाच राज्यांनी आपापला वाटा मागितला आणि मिळवला. वर्षानुवर्षे तज्ज्ञांनी एकेका उपखोऱ्याचे टीएमसी मोजले. गाळाचा वाटा कुणी मागितला नाही, कारण कांदळवनाचा, कोळ्याचा किंवा किनाऱ्याचा वकील त्या दालनात नव्हता.

निवाड्याची शाई वाळते ना वाळते तोच किनारा बोलू लागला. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी जुने नकाशे आणि उपग्रहांची चित्रे एकावर एक ठेवून पाहिली. के. नागेश्वर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले की १९७० च्या दशकात धवळेश्वरमपाशी गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ आणत होती. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तो सुमारे पावणेसहा कोटी टनांवर आला. एकतृतीयांशाच्या थोडे वर. खोऱ्यातल्या पावसात एवढी घट नव्हती; गाळ धरणांमागे अडकत होता. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत गोदावरीच्या मुखाशी जमा-वजा जाता सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. शेकडो पिढ्या पुढे सरकत आलेला किनारा एका पिढीत मागे फिरला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. धवळेश्वरमला पोहोचणारे बहुतेक पाणी मांजरेचे किंवा पैठणच्या गोदावरीचे नसते. ते प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या पूर्वेकडच्या जंगलांतून येणाऱ्या नद्यांचे असते. आपला भाग पर्जन्यछायेतला. आपण पाण्यापेक्षा माती जास्त पाठवत होतो. म्हणून किनारा खचण्याचा सगळा भार मराठवाड्याच्या धरणांवर टाकणे अन्यायाचे आहे. गाळ अडवणारी धरणे खोऱ्यातल्या इतर राज्यांतही आहेत. शिवाय किनाऱ्यावरच्या माणसांनीही आपली बाजू कमजोर केली.

ती अशी. कोरिंगाचे वन १९७८ मध्ये अभयारण्य झाले, २३५ चौरस किलोमीटरचे. त्याआधी अनेक दशके वनखाते ठरावीक पट्टे आखून झाडे साफ तोडत असे. कांदळवनात अशी तोड घातक ठरते. झाडाची सावली गेली की चिखल उन्हात तापतो, त्यातले पाणी उडते, माती बसते आणि मधोमध खोलगट भाग तयार होतो. भरतीचे पाणी त्यात शिरते पण ओहोटीला बाहेर पडत नाही. साचलेले पाणी आटून खारटपणा इतका चढतो की तिवराचेही रोप तग धरत नाही. वर्षानुवर्षे ओसाड पडलेले असे पट्टे जुन्या तोडीची साक्ष देत राहिले.

मग १९९० च्या दशकात कोळंबी आली. निर्यातीचा भाव पाहून किनाऱ्याची भातशेती, गायराने आणि कांदळवनाच्या कडा तळ्यांखाली गेल्या. पिण्याच्या विहिरी खारट झाल्या. तळ्यात सोडायला लागणारे कोळंबीचे पिल्लू खाडीतून बारीक जाळीने धरले जाई. त्या कामाला गरीब कोळी कुटुंबे, बायकामुलेही लागली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाने पीकच्या पीक मेले आणि कित्येक तळी सोडून दिली गेली. ती जमीन ना शेताची राहिली ना वनाची.

६ नोव्हेंबर १९९६ च्या रात्री काकिनाड्याच्या दक्षिणेला चक्रीवादळ जमिनीवर चढले. भैरवपालेम आणि बलुसुतिप्पा या नदीमुखाजवळच्या कोळीवाड्यांतली माणसे होड्या घेऊन बाहेर होती. हजाराहून जास्त माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर निकाल दिला. न्या. कुलदीप सिंग यांच्या पीठाने किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रातली औद्योगिक कोळंबीतळी हटवायला सांगितली. या निकालाचा पाया होता तो आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर फिरून केलेला अहवाल. कोळंबीतून मिळणाऱ्या पैशापेक्षा जमिनीचे, पाण्याचे आणि माणसांचे नुकसान मोठे आहे, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले. पुढे कायदे बदलले, २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी वेगळे प्राधिकरण आले आणि तळी पुन्हा वाढली. पण निदान एकदा या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात किनाऱ्याची बाजू कुणीतरी मांडली.

सावरण्याचे काम त्याहून शांतपणे झाले. एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या माणसांनी तामिळनाडूतल्या पिचावरमला एक साधा उपाय करून पाहिला होता : ओसाड, खोलगट पट्ट्यात चर खणायचे, एक मुख्य आणि त्याला तिरपे जोडलेले अनेक, म्हणजे भरतीचे पाणी येईल आणि ओहोटीला निघून जाईल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच काम वनखाते आणि काठावरच्या गावांना बरोबर घेऊन गोदावरीच्या कांदळवनात सुरू झाले. खारटपणा उतरला. लावलेली तिवरे जगली आणि मागाहून बाकीच्या जाती भरतीबरोबर आपोआप येऊन रुजल्या. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा किनाऱ्यावरच्या कांदळवनांकडे सगळ्या देशाचे लक्ष गेले. आज कोरिंग्यात मासेमार मांजर, म्हणजे पाण्यात उतरून मासे धरणारे रानमांजर, वावरते आणि होप आयलंडच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

हे सगळे ऐकून निर्धास्त होता येत नाही. चर खणून पाण्याची ये-जा सुरू करता येते, गाळ निर्माण करता येत नाही. काकिनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा इथे समुद्र रस्ता आणि घरे खात पुढे येतो आहे, आणि दगडांच्या व वाळूच्या पिशव्यांच्या भिंती त्याच्यापुढे टिकत नाहीत. समुद्राची पातळी वाढते आहे आणि खालची जमीन स्वतःच्या वजनाने दबते आहे. त्रिभुज प्रदेशाची जमीन नेहमीच थोडी थोडी दबत असते. पूर्वी वरून येणारा थर ती तूट भरून काढी.

आणि आपल्याकडे? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी लातूर स्थानकात आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी लोकवर्गणी काढून साई ते नागझरी असे मांजरेचे पात्र खोल आणि रुंद केले. नदीत साचलेला गाळ ट्रॅक्टरने शेतांत गेला, आणि ज्याने तो टाकला त्याच्या रानाचा कस वाढला. पुढच्या वर्षी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाच झाली. त्याच २०१६ च्या सप्टेंबरअखेर मांजरेला पूर आला. एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणणे आणि सप्टेंबरात पुराने माती वाहून नेणे, हे एकाच वर्षात एकाच नदीने पाहिले. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने मराठवाडाभर जमिनी खरडून गेल्या. मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्यांकाठी शेतांचा वरचा थर जाऊन खाली मुरूम उघडा पडला. ती माती समुद्राला मिळाली नसणार. मांजरेकाठची बरीचशी सिंगूर आणि निजामसागर यांच्या तळाशी बसली असणार, आणि गोदावरीकाठची श्रीरामसागरच्या. श्रीरामसागर मूळ ११२ टीएमसीचा. अलीकडच्या मोजणीत त्याची साठवण ८० च्या आसपास उरली आहे. शेतकऱ्याची माती गेली, धरणाची जागा गेली आणि किनाऱ्याला काही मिळाले नाही. तिघांचेही नुकसान करणारी ही व्यवस्था आपण शंभर वर्षांत बांधली आहे.

तिला फट पडू शकते याचे एक उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात वर्षानुवर्षे भांडण चालले. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे राहतील. निकाल पाण्याच्या हक्काचा होता, गाळाचा विचार त्यात नव्हता. तरी पुराच्या चार महिन्यांत नदी तिथे अडत नाही, गढूळ पाणी गढूळच पुढे जाते, आणि पूर ओसरल्यावर अडवलेले पाणी काठच्या शेतांना मिळते. मोठ्या धरणांना हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. पण तळाचे दरवाजे उघडून गाळ पुढे काढणे हे चीनमध्ये पीत नदीवर मुद्दाम केले जाते.

आता सगळ्यांत मोठे धरण किनाऱ्याच्या अगदी जवळ उभे राहते आहे. धवळेश्वरमच्या थोडे वर, पोलावरम इथे, जवळपास दोनशे टीएमसी साठवणीचा जलाशय बांधला जातो आहे. २०१४ पासून तो राष्ट्रीय प्रकल्प आहे. प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी यांनी आणलेला आणि आजवर धवळेश्वरमपर्यंत पोहोचत आलेला गाळ यापुढे त्याच्यात शिरेल. त्याच्या सांडव्याला ४८ दरवाजे आहेत. ते कोणत्या महिन्यात, किती पुराला, किती दिवस उघडायचे याचे नियम लिहिताना पाण्याबरोबर गाळाचेही आकडे समोर असले पाहिजेत, आणि ते आकडे मागण्याचा हक्क भैरवपालेमच्या कोळ्याइतकाच रेणापूरच्या शेतकऱ्यालाही आहे.